जानेवारीतलं ऊन

कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यं उभी आहेत, समोर आजोबा आहेत, गुरू आहेत, आणि अशा वेळी कृष्ण अर्जुनाला सांगतो काय, तर थंडी-ऊन येतात आणि जातात, ती सोस. आमच्या ज्ञानेश्वरी वाचनाच्या मंडळात दुसरा अध्याय आला की कुणीतरी हमखास विचारतं, एवढ्या मोठ्या प्रसंगी हे एवढंसं उदाहरण कशाला? माझं अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. तिथे सुख आणि दुःख दोन्ही सोसायला सांगितलंय. दुःख सोसायचं हे कळतं. सुख कशाला सोसायचं?

माझं माहेर वाईचं. आजी माघस्नान करायची. भर थंडीत, पहाटे अंधारात कृष्णेच्या घाटावर जायची, आणि ओलेत्यानं परतताना तिचे दात वाजलेले मी कधी ऐकले नाहीत. तितिक्षा, म्हणजे हे सोसणं, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तीच यायची. अंग घट्ट करायचं आणि उभं राहायचं. ‘विवेकचूडामणी’तली व्याख्याही त्या समजुतीला धरूनच आहे: सगळी दुःखं प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं. तिथे सुखाचं नाव नाही.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. माझी ही समजूत बदलली ती इथल्या वाफ्यातल्या जिरेनियममुळे. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत लालभडक फुलांचं जे जिरेनियम असतं, ते हे नव्हे. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेचं पेलार्गोनियम. लिनियसनं दोघांना एकाच नावाखाली घातलं होतं, १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यांची फारकत केली. पेलार्गोनियम पहिल्याच कडक हिमात काळं पडून संपतं. माझं आहे ते खरं जिरेनियम, ‘रोझॅन’ नावाचं, निळ्या-जांभळ्या फुलांचं. हा संकर इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या एका बागेत सापडला, पण त्याचे दोन्ही जनक हिमालयातले. उणे २९ अंशांपर्यंत ते तगतं असं रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर असतं.

तगतं म्हणजे काय होतं, हे हिवाळ्यात वाफ्याशी बसून पाहावं. वर काहीच राहत नाही. नोव्हेंबरात पानं लालसर होतात, मग तपकिरी, मग सगळा पसारा जमिनीवर लोळतो. तो बाजूला केला की मातीच्या पातळीवर एक लाकडासारखा गड्डा दिसतो, आणि त्याला चिकटून ज्वारीच्या दाण्याएवढे गुलाबी डोळे. पुढचं सगळं झाड त्या डोळ्यांत आहे. राउनकियेर या डॅनिश शास्त्रज्ञानं वनस्पतींची विभागणीच या प्रश्नावर केली की वाईट ऋतूत झाड आपले डोळे कुठे ठेवतं. मला तो प्रश्न एखाद्या उपनिषदात शोभेल असा वाटतो.

ही तयारी थंडी पडल्यावर होत नाही. ऑगस्टनंतर दिवस लहान होत जातात, रात्री गार होतात, तेव्हापासून ती चालू असते. पेशींत साखर साठते, पेशींची आवरणं बदलतात. पुढे गोठण सुरू झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि बर्फ पेशींच्या मधल्या पोकळीत धरतो. आत धरला तर पेशी फुटून मरते. बाहेर बर्फ, आत आक्रसलेला, दाट झालेला जीव. हेच झाड सप्टेंबरात अचानक उणे वीसमध्ये सापडलं तर मरेल. जानेवारीत जगतं, कारण मधल्या आठवड्यांत ते हळूहळू आवरतं घेत आलेलं असतं. अंग घट्ट करून उभं राहणं यात कुठेच नाही.

३० जानेवारी २०१९ला शिकागोत पारा उणे ३१ अंशांच्या जवळ गेला. चिठ्ठीवरच्या आकड्याच्याही खाली. पण जमिनीवर बर्फ होता, त्याखाली थंडी तेवढी उतरली नाही. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत पारा शून्याच्या वर दहापर्यंत चढला, बर्फ वितळला, लोक स्वेटरवर फिरायला निघाले. मला धास्ती वाटली ती तेव्हा. आठवड्यांनी कमावलेली सोशिकता झाड ऊबेच्या काही दिवसांत घालवून बसतं. पाणी परत पेशींत शिरतं, साखर खर्ची पडते, डोळे सैलावतात, आणि फेब्रुवारीतली पुढची थंडी, एरवी सहज निभावली असती अशी, त्यांना मारते. शिवाय माती गोठते, सुटते, पुन्हा गोठते, आणि नव्यानं लावलेलं रोप मुळांसकट वर ढकललं जातं. दोन बोटं वर आलेला गड्डा आणि तुटून लोंबणारी मुळं मी पाहिली आहेत. तिथे थंडी तर बेताचीच होती.

आपल्याकडे ऊन हाही त्रासच, म्हणून गीतेतल्या त्या जोडीतला सुखाचा भाग आपल्याला दिसत नाही. ज्ञानेश्वरांना तो दिसला होता. त्यांनी तिथे पाचही विषयांच्या जोड्या मांडल्या: शब्दात निंदा आणि स्तुती, स्पर्शात कठीण आणि मऊ, रूपात भेसूर आणि देखणं, तसंच गंधात, तसंच रसात. निंदेइतकीच स्तुतीही आपल्याला बाहेर ओढते, हे सांगायला ते थांबले. ‘तत्त्वबोध’ही तितिक्षेत सुख आणि दुःख दोन्ही धरतो. मला वाटतं, व्याख्या म्हणून हीच पुरी आहे.

नवऱ्याच्या आजारपणात मी वर्षभर ताठ होते. औषधांच्या वेळा, इस्पितळाच्या खेपा, फोनवर सासूबाईंची समजूत, सगळं झालं. मग डॉक्टर म्हणाले, आता आजाराचं काही शिल्लक नाही, काळजी सोडा. त्यानंतरच्या महिन्यात मी साध्या सर्दीनंही घाबरून रात्र रात्र जागले. सगळ्यांना वाटलं, आता कशाला? मला वाफ्याकडे पाहून कळलं कशाला ते. दुःखासाठी मी स्वतःला आवरून घेतलं होतं; त्या एका वाक्यानं सगळं एकदम सैल सोडलं.

मंडळात एक काका म्हणतात, झाडाला कुठे विवेक असतो, त्याला तितिक्षा कशी म्हणायची? खरं आहे. झाड ऊबेला नकार देऊ शकत नाही, म्हणूनच ते फसतं. माणूस ऊब घेऊन तिच्यावर विसंबायचं नाही असं ठरवू शकतो, आणि कृष्ण बोलतोय ते माणसाशी. तो अर्जुनाला आक्रसून बसायलाही सांगत नाही, लढायला सांगतो. फक्त जिंकलो-हरलोच्या उन्हा-थंडीत आतलं पाणी हलू देऊ नकोस म्हणतो. आजीच्या माघस्नानाबद्दल आता मला वेगळं वाटतं. नदीत उतरण्याचं धैर्य कितीकांकडे असतं. परत येऊन चुलीशी न बसता ती थेट गोठ्यात कामाला जायची, तिचं व्रत मला तिथे दिसतं.

ज्यांच्याकडे असा हिवाळा असतो त्यांना एवढंच सांगते. जिरेनियमची वाळकी पानं शरदात कापू नका, गड्ड्यावर तशीच राहू द्या. माती गोठल्यावर वर चार बोटं पाचोळा घाला. तो ऊबेसाठी नसतो, थंडी एकसारखी राहावी म्हणून असतो. आणि जानेवारीत ऊन पडलं म्हणून तो उचलू नका. आमच्याकडे तो एप्रिलपर्यंत तसाच असतो.