घर तेंच कीं दुसरें?

जुन्या वस्तूंविषयीं मनुष्याच्या मनांत जो आदर असतो, त्याचें पृथक्करण सहसा कोणी करीत नाहीं. आजीचा पाटा, आजोबांचा चौरंग, वडिलोपार्जित वाडा यांस आपण जपतों. परंतु जपतों तें नेमकें काय? तें लांकूड, तो आकार, ती जागा, कीं या सर्वांहून निराळें असें कांहीं? वस्तु मोडकळीस आल्याखेरीज हा प्रश्न उभा राहत नाहीं. इंग्लंडांतील एका शेतकऱ्याच्या घराच्या निमित्तानें त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केंट परगण्यांत चिडिंगस्टोन गांवाजवळ बे-लीफ नांवाचें एक घर होतें. तें १५ व्या शतकाच्या आरंभीं बांधलें गेलें आणि पुढील शतकाच्या आरंभीं त्याची एक बाजू वाढविण्यांत आली. त्याचा सारा भार ओकच्या सांगाड्यावर होता. भिंती केवळ आडोशासाठीं, काठ्या विणून माती लिंपलेल्या कुडाच्या. आपल्या जुन्या वाड्यांत सागाचे खांब आणि तुळया जें काम करितात, तेंच तेथें ओक करितो. मधला दिवाणखाना थेट आढ्यापर्यंत उघडा, चूल जमिनीच्या मध्यभागीं, धूर छपरांतून वाट काढी. खिडक्यांस कांच नव्हती. लांकडी गज आणि झडपा होत्या.

इ. स. १९६० नंतरच्या दशकांत त्या भागांतील लोकांस पाणी पुरविण्यासाठीं बॉ बीच येथें जलाशय करण्याचें ठरलें आणि घर त्याच्या क्षेत्रांत सांपडलें. जिवंतांच्या तहानेपुढें मृतांच्या घरानें वाट सोडावी, हें न्याय्यच होतें. परंतु घर पाडलें नाहीं. १९६८-६९ मध्यें तें सोडवून काढलें आणि १९७२ सालीं ससेक्समधील सिंगलटन येथें, वील्ड अँड डाउनलँड या उघड्यावरील संग्रहालयांत पुन्हां उभें केलें. त्याच्या शेजारीं आज काउफोल्ड गांवाहून आणलेलें, १५३६ सालचें लांकडी कोठार आहे. आतां पाहुण्यास दिसतें तें घर तेंच कीं दुसरें?

पहिली शंका लांकडाची. खांबाचा कुजलेला भाग कापून तेथें नव्या ओकचा तुकडा बसवावा लागतो. असे तुकडे वाढत गेले तर घर जुनें कोठवर म्हणावयाचें? थीसिअसच्या नौकेच्या फळ्या अथेन्सच्या लोकांनीं बदलत नेल्या व तत्त्ववेत्त्यांत वाद माजला, असें प्लूटार्क सांगतो. मिलिंद राजास नागसेन भिक्षूनें रथाच्या दाखल्यानें हेंच समजाविलें कीं, रथ ही संज्ञा कोणत्याही एका भागाची नसून त्यांच्या जुळणीची आहे. जपानांत इसे येथील देवालय दर २० वर्षांनीं नवें बांधतात. २०१३ सालींही तें तसें बांधलें गेलें. तेथें लांकडापेक्षां सुताराची विद्या जपली जाते. तेव्हां द्रव्य बदललें एवढ्यानेंच वस्तूचें ऐक्य मोडतें, असें म्हणतां येत नाहीं.

दुसरी शंका जागेची. येथें त्या सुतारांचीच साक्ष काढावी. ते ओलें लांकूड आपल्या आवारांत तासून सांधे जुळवीत, प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरीत, सांगाडा पुन्हां सोडवीत आणि जागेवर नेऊन लांकडी खुंट्यांनीं कायमचा जोडीत. म्हणजे सुटणें आणि जुळणें हें या बांधणीच्या स्वभावांतच होतें. तथापि घराभोंवतींचें शेत कांहीं खुणा करून नेतां येत नाहीं. बे-लीफच्या घरधन्यानें काउफोल्डच्या कोठारांत कधींही धान्य झोडपलें नव्हतें. ही शेजारधर्माची जोडी आपण जुळविलेली आहे.

तिसरी शंका आम्हांस सर्वांत गंभीर वाटते, व ती काळाची आहे. हें घर आज सुमारें १५४० सालीं असेल तसें मांडलेलें आहे. तसें करितांना पुढील पिढ्यांनीं घातलेली विटांची धुरांडी गाळणें प्राप्त झालें. धुरानें डोळे चोळीत स्वयंपाक करणारी गृहिणी आणि धुरांडें झाल्यावर मोकळा श्वास घेणारी तिची नात, या दोघींपैकीं खरें घर कोणाचें? पहिलीचें म्हटलें तर दुसरीच्या सुखाचा पुरावा आपण पुसून टाकितों. दुसरीचें म्हटलें तर पहिलीचे कष्ट कोणास दिसणार नाहींत. एक साल निवडल्याविना घर दाखवितां येत नाहीं, आणि निवड केली कीं कोणावर तरी अन्याय होतोच.

रस्किननें १८४९ सालीं जीर्णोद्धारास असत्य म्हटलें. मॉरिसनें १८७७ सालीं संस्था काढून, डागडुजी करा पण प्राचीनतेचें सोंग आणूं नका, असा आग्रह धरिला. आमच्या मतें दोष बदलांत नसून बदल लपविण्यांत आहे. नवा तुकडा नवा म्हणून ओळखूं यावा, कोठार परगांवचें आहे हें सांगितलें जावें, काय गाळलें याची नोंद राहावी; मग त्या घरास खरें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. वारसदार हा मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्तास फेरफार करण्याचा अधिकार असला तरी खोटा हिशेब ठेवण्याचा नसतो.

हा न्याय केवळ घरांपुरता नाहीं. पूर्वापार चालत आलेलें तसेंच चालवूं, असें जो म्हणतो तोही नकळत एक साल निवडीत असतो; त्या सालाच्या अलीकडे कोणी धुरांडें बांधलें होतें, हें तो विसरतो. जुनें सारें टाकूं म्हणणाराही त्याच खांबांच्या आधारें उभा असतो. रूढि राखणाऱ्यानें आपण काय गाळलें तें सांगावें आणि सुधारणा करणाऱ्यानें कोणत्या जुन्या खांबावर नवा तुकडा बसविला तें सांगावें. एवढा प्रामाणिकपणा दोघांनीं पाळला, तर घर कोणाचें खरें या वादांतून घर मोडण्याची पाळी येणार नाहीं.