देवयानीचा फोटो आणि प्रामाण्याचा प्रश्न
देवयानी दीर्घिका अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसते ती एक फिकट, रंगहीन पुंजका म्हणून. हौशी छायाचित्रकाराच्या फोटोत मात्र तिचे निळसर बाहू, धुळीचे काळे पट्टे आणि हायड्रोजनचे तांबडे ठिपके उठून दिसतात. कोणत्याही डोळ्याने न पाहिलेले हे रूप खरे मानावे का, हा वाद भारतीय प्रमाणशास्त्राला, म्हणजे ज्ञान खरे कशावरून ठरते याच्या विचाराला, नवा नाही.

असा फोटो एका बटणासरशी मिळत नाही. काही मिनिटांची एकेक अशी अनेक एक्स्पोजर घेऊन, ताऱ्यावर तारा जुळवून ती एकत्र केली जातात. फ्रेम चौपट झाल्या, की गोंगाटाच्या तुलनेत खरा प्रकाश दुप्पट वरचढ ठरतो. दुर्बिणीवर झाकण घालून, तेवढ्याच वेळाच्या आणि तापमानाच्या ‘डार्क’ फ्रेम घेतात व त्या वजा करतात, म्हणजे तापलेल्या पिक्सेलचे खोटे तारे जातात. एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या ‘फ्लॅट’ फ्रेममध्ये धुळीच्या कणांची कड्यासारखी सावली उमटते. त्या फ्रेमने मूळ चित्राला भागले, की डाग जातो. शेवटी काळ्यालगत दबलेल्या छटा वर ओढल्या जातात, तेव्हा कुठे बाहू दिसू लागतात.

बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाच्या मते प्रत्यक्ष म्हणजे ‘कल्पनापोढ’, कल्पनेचा स्पर्श नसलेले ज्ञान. या कसोटीने कच्ची फ्रेमच शुद्ध वाटेल. पण त्याच परंपरेतल्या धर्मकीर्तीने ‘अभ्रान्त’, म्हणजे भ्रमरहित, ही आणखी एक अट घातली, आणि तापलेल्या पिक्सेलचे खोटे तारे मिरवणारी कच्ची फ्रेम नेमकी तिथेच नापास होते.

नैयायिकांची, म्हणजे न्याय दर्शनाच्या विचारवंतांची, भूमिका इथे अधिक उपयोगी पडते. मीमांसा दर्शनाचे अनुयायी, मीमांसक, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध मानतात. नैयायिकांच्या मते ते परतः, म्हणजे बाहेरच्या पडताळ्याने ठरते. दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तहान भागल्यावर कळते. फोटोचेही तसेच. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सॉफ्टवेअर शिकवलेल्या नमुन्यांवरून नसलेला तपशीलही भरू शकतात. तो दुसऱ्या दुर्बिणीच्या चित्रात सापडला नाही, तर तो भ्रमच.

याचा कस अलीकडेच लागला. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सँती या हौशी निरीक्षकांनी देवयानीलगत ऑक्सिजनच्या प्रकाशात चमकणारी एक लांबलचक कमान टिपली. जानेवारी २०२३ मध्ये ती जाहीर झाली. एवढ्या वेळा फोटो काढलेल्या जागी ती आजवर कुणालाच कशी दिसली नाही, ही शंका रास्तच होती. इतरांच्या दुर्बिणींतही ती उमटली आणि शंका फिटली. मात्र ती देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर एकमत नाही.

दिसणे आणि त्याचा अर्थ लावणे यांचे प्रामाण्य असे वेगवेगळे ठरते. इंग्लंडमधील हौशी निरीक्षक आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये देवयानीची सर्पिल रचना काचेवर टिपली, पण तिला ते घडत असलेली सूर्यमाला समजले. एडविन हबल यांना १९२३ मध्ये तिच्यात अंतर मोजायला उपयोगी पडणारा सेफीड तारा सापडला आणि ती आकाशगंगेबाहेरची ठरली. रॉबर्ट्स यांच्या फोटोतले बाहू मात्र कुणाला खोडावे लागले नाहीत.