तिसऱ्यास दिलेलें मत

दोन प्रबळ पक्षांची अटीतटीची झुंज लागली असतां, जो निवडून येण्याचा संभव नाहीं अशा तिसऱ्या मनुष्यास मत द्यावें किंवा नाहीं, हा प्रश्न केवळ राजकारणाचा नव्हे. तो सदसद्विवेकबुद्धीचाही आहे. कित्येक म्हणतात, “दगडापेक्षां वीट मऊ, कमी वाईट असेल त्यास मत द्या.” दुसरे म्हणतात, “वाईट तें वाईटच. त्यास आम्ही हात लावणार नाहीं.” दोघेही प्रामाणिक असूं शकतात. म्हणून या वादाचा विचार घडलेल्या गोष्टींवरून करावा, असें आम्हांस वाटतें.

अशी एक गोष्ट अमेरिकेच्या इतिहासांत आहे. त्या देशांत अध्यक्ष निवडण्यासाठीं प्रत्येक राज्यास ठराविक निर्वाचक असतात, आणि बहुतेक राज्यांत ज्यास सर्वांहून अधिक मतें पडतात, त्याच्याच पदरीं तेथील सर्व निर्वाचक जातात. निम्मीं मतें मिळालींच पाहिजेत असें नाहीं. आपल्या लोकसभेसाठींही प्रत्येक मतदारसंघांत सर्वांहून अधिक मतें मिळविणाराच निवडून येतो. यामुळें तिसऱ्यास पडलेलीं थोडीं मतेंही पहिल्या दोघांचा निकाल फिरवूं शकतात.

इ. स. १८४४ सालीं तेथें हेन्री क्ले व जेम्स पोक हे दोन मुख्य उमेदवार उभे होते. दोघेही गुलामांचे धनी. टेक्सस प्रांत देशास जोडावा, असें पोकचें उघड म्हणणें होतें. आणि तसें झाल्यास गुलामगिरीचा मुलूख वाढणार, हें लोकांस दिसत होतें. क्ले आरंभीं याच्या विरुद्ध होता, परंतु निवडणूक जवळ आली तशी त्याची भाषा सैल झाली. तिसरा उमेदवार जेम्स बर्नी. हाही पूर्वीं गुलामांचा धनी होता. परंतु त्यानें आपले गुलाम मुक्त केले, आणि गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लिबर्टी पक्षाचा तो पुढारी झाला.

न्यूयॉर्क राज्यांत पोकला क्लेपेक्षां ५,१०६ मतें अधिक पडलीं. बर्नीस १५,८१२ पडलीं. तेथील ३६ निर्वाचक पोककडे गेले. ते क्लेस मिळते, तर तो १३४ विरुद्ध १४१ असा निवडून येता. पोक अध्यक्ष झाला. १८४५ सालाच्या अखेरीस टेक्सस गुलामगिरीसह संघराज्यांत आला, आणि १८४६ सालीं मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें.

त्याच १८४५ सालीं अब्राहाम लिंकन यानें लिबर्टी पक्षाच्या एका स्नेह्यास पत्र लिहून हाच प्रश्न मांडिला. चांगलें व्हावें म्हणून वाईट करूं नये, हें त्या लोकांचें म्हणणें त्यास मान्य होतें. परंतु झाड फळावरून ओळखावें, असें सांगून त्यानें विचारिलें कीं, क्लेस निवडिल्यानें गुलामगिरीचा विस्तार थांबता, तर तें निवडणें वाईट कसें म्हणावें?

हा प्रश्न आमच्या मतें निरुत्तर करणारा आहे. तथापि दुसरी बाजूही खरी आहे. बर्नीचे लोक एक दिवस मत देऊन घरीं बसले नाहींत. त्यांच्यांतील पुष्कळ जण १८४८ सालीं फ्री सॉइल पक्षांत मिळाले. त्यांतील बहुतेक १८५४ सालीं निघालेल्या रिपब्लिकन पक्षांत आले. आणि त्याच नव्या पक्षाचा लिंकन १८६० सालीं शंभरांत चाळिसांहूनही कमी मतें मिळवून अध्यक्ष झाला. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. तिसरी वाट कोणीच न धरिती, तर ही गोष्ट कशी घडती?

अलीकडे, २००० सालीं, फ्लोरिडा राज्यांत जॉर्ज बुश यानें ॲल गोर याचा अवघ्या ५३७ मतांनीं पराभव केला, व त्यावरच अध्यक्षपद ठरलें. तेथें तिसरा राल्फ नेडर यास ९७,४८८ मतें पडलीं होतीं. तीं सर्व गोर यास मिळतीं असें नाहीं. आणि मत हें कोणा पक्षाचें वतनही नव्हे. परंतु “आमच्या थोड्या मतांनीं काय होतें?” असें म्हणण्यास त्या दिवसापासून जागा राहिली नाहीं.

तर मग आम्ही काय म्हणतों? मत ही साक्ष आहे, आणि तें कृत्यही आहे. साक्ष देणाऱ्यानें आपलें मन पाहावें; कृत्य करणाऱ्यानें त्याचें ओझें कोणाच्या पाठीवर पडेल तें पाहावें. १८४४ सालीं ज्यांनीं आपले हात स्वच्छ ठेविले, त्यांच्या पाठीवर चाबूक पडला नाहीं. तो ज्यांस मतच नव्हतें अशा गुलामांच्या पाठीवर पडला. आपल्या शुद्धतेचें मोल दुसऱ्यानें भरावें, ही शुद्धता अपुरी आहे.

म्हणून जेथें झुंज खरोखर अटीतटीची आहे, आणि दोघांपैकीं एकाच्या हातून दुर्बळांस स्पष्टपणें अधिक इजा होणार आहे, तेथें त्यास अडविण्यासाठीं दुसऱ्यास मत देणें हें पाप नव्हे. तें शेजाऱ्याचें रक्षण आहे. जेथें निकाल आधींच उघड आहे, किंवा दोघेही सारखेंच ओझें लादणारे आहेत, तेथें तिसऱ्यास निर्भयपणें मत द्यावें. मात्र ज्यानें विटेस मत दिलें, त्यानें तिला देव्हाऱ्यांत बसवूं नये. तिचे दोष दुसऱ्याच दिवसापासून बोलून दाखवावे. आणि ज्यास तिसरा मनुष्य हवा, त्यानें निवडणुकीची वाट न पाहतां मधल्या वर्षांत त्याच्यासाठीं गांवोगांव खपावें. वाचकहो, मत देण्यापूर्वीं एवढेंच विचारा: माझ्या मताचें ओझें कोण वाहील, आणि उद्यां मी त्याच्याजवळ उभा असेन काय?