टीसी एकच असते

भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला एक शेतकरी होता. त्याच्या धाकट्या मुलीला नीटमध्ये इतके चांगले गुण पडले की तिला एकाच शहरात दोन कॉलेजं मिळाली. देशभराच्या यादीतून नागपूरचं एम्स आणि राज्याच्या यादीतून नागपूरचंच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या दुसऱ्याला विदर्भात एवढ्या लांब नावाने कुणी ओळखत नाही. सगळे नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. ऑटोवाल्याला ‘मेडिकल’ सांगा, तो तुम्हाला औषधाच्या दुकानापुढे नाही, बरोबर त्या चौकात नेऊन सोडतो.

दोन जागा मिळाल्या तरी घेता एकच येते. प्रवेश घेताना मूळ कागदपत्रं जमा करावी लागतात आणि टीसी काही दोन नसतात. मुलीने ती सगळी एका प्लॅस्टिकच्या फाइलीत लावून ठेवली आणि लोकांना विचारायला सुरुवात केली, की यातलं चांगलं कोणतं?

क्लासचे सर म्हणाले, “विचारायचं काय त्यात? एम्स!” सरांच्या चौकातल्या फ्लेक्सवर त्या वर्षी एम्सचा एकही फोटो नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही. काका आरोग्य खात्यात कंपाउंडर होते. ते म्हणाले, “मेडिकलचा डॉक्टर तो डॉक्टर. पेशंट दारातून आत येतो तेवढ्यात तो अर्धं निदान करतो.” काकांना ज्यांच्या हाताखाली काम करायला आवडलं होतं, ते साहेब मेडिकलचे होते. मामाने हिशेब मांडला. एम्सला फी नावापुरती. मेडिकलला फी आहेच, शिवाय शिक्षण संपलं की वर्षभराची सरकारी सेवा. शेजारच्या मास्तरांना पदवीची काळजी. एम्सची पदवी एम्स स्वतः देतं, मेडिकलची नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची येते, पुढे परदेशात गेली तर कोणती बरी दिसेल?

यातलं कुणी खोटं बोललं नव्हतं. आपल्याकडे सल्ला देणारा बहुतेक वेळा खरंच बोलतो. फक्त तो स्वतःला कधीतरी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला देत असतो. मुलगी प्रत्येकाचं ऐकून घरी यायची तेव्हा तिचं मत बदललेलं असायचं. शेवटी बाप म्हणाला, “चल, पाहूनच येऊ.”

दोघं आधी मिहानमध्ये एम्सला गेले. २०१८ मध्ये सुरू झालेली संस्था, सगळं नवीन. रुंद रस्ते, ठिकठिकाणी पाट्या, कुठे जायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. बाप दोनदा म्हणाला, “स्वच्छ आहे हो.” मुलगी ग्रंथालयाच्या बाहेर थोडा वेळ उभी राहिली. आवडलं तिला, पण काही विशेष वाटलं नाही.

तिथून मेडिकल. हे १९४७ चं. देशाच्या स्वातंत्र्याएवढं वय, आणि तेव्हापासूनची गर्दी अजून हटलेली नाही असं वाटावं इतकी माणसं. गडचिरोलीची, यवतमाळची, मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याची, छत्तीसगडची. व्हरांड्यात सतरंज्या टाकून नातेवाईक बसलेले, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. केसपेपरच्या रांगेत एक म्हातारी मुलीला म्हणाली, “बाई, हे वाच बरं काय लिहिलं?” मुलीने वाचून सांगितलं. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. झालं. मुलीचा निर्णय तिथेच झाला. तिने बापाला सांगितलं, “बाबा, मी इथंच येते.”

अशा गोष्टी साधारण इथे संपतात. गरिबांचं जुनं इस्पितळ जिंकतं, चकचकीत इमारत हरते, वाचणाऱ्याला बरं वाटतं. ही गोष्ट तिथे संपली नाही, कारण बाप पाणी प्यायला गेला आणि मुलगी एका वॉर्डाच्या दाराशी थांबून आत पाहत राहिली.

आत एका खाटेपाशी सर शिकवत होते. भोवती वीसेक विद्यार्थी. पहिल्या रांगेतले चार-पाच जण पेशंटच्या पोटावर हात ठेवून पाहत होते, त्यांच्यामागचे माना लांब करून ऐकत होते आणि अगदी मागे दोन मुली भिंतीला टेकून वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांना ना पेशंट दिसत होता, ना सर.

“काय पाहून राहिली बाई?” वॉर्डातल्या मावशीने विचारलं. हातात बादली, केस पिकलेले.

मुलीने सगळं सांगितलं. इथे यायचं ठरवलंय हेही सांगितलं. मावशी खूश होईल असं तिला वाटलं होतं.

मावशी म्हणाली, “मले एक सांग. शाळेत काही समजलं नाही का तू मास्तरले विचारत होती?”

मुलगी गप्प झाली. अकरावी-बारावीत तिने एकदाही हात वर केला नव्हता. न समजलेलं घरी येऊन, रात्री, पुस्तकातून काढायचं, ही तिची रीत. गुण त्यावरच मिळाले होते.

“नाही विचारलं कधी,” ती म्हणाली.

“मंग त्या दोघी पाय.” मावशीने भिंतीकडे बोट केलं. “पोट्ट्या हुशार हायेत, चांगल्या हायेत. पन रोज मागंच. इथं पेशंटची कमी नाही. शिकाले इथल्यासारखं कुठं भेटनार नाही. पन तुले कोनी हात धरून पुढं आननार नाही. अडीचशे पोट्टे एका वर्षाले, सर तरी कोनाकोनाले पायतीन? जो घुसते तो शिकते.”

“मी शिकेन घुसायला.”

“शिकतात बी,” मावशी म्हणाली. “आन नाही शिकत तेबी पाहिले म्या. एम्सची पयली पोरं इथंच बसून शिकली, म्हाईत हाये का? पन्नासच होती. सर लोकं एकेकाले नावानं हाक मारत.” तिने बादली उचलली. “कॉलेज कसं हाये ते तुले सगळ्यायनं सांगतलं. तू कशी हाये ते कोन सांगन?”

परतीच्या गाडीत मुलगी गप्प होती. भंडारा मागे पडल्यावर तिने बापाला मावशीचं बोलणं सांगितलं. बापाला वैद्यकीय शिक्षणातलं काही कळत नव्हतं, धानातलं कळत होतं. तो म्हणाला, “खोलगट बांधीत भारी धान लावतात, उंचावरच्या बांधीत हलकं. उलटं लावलं का दोन्ही बुडालं. त्यात बांधीचा काय दोष? आणि धानाचा तरी काय?”

मुलीने एम्सला टीसी दिली.

आपण भित्रे आहोत म्हणून सोपी वाट धरली, असं तिला पुढे काही दिवस वाटत राहिलं. वाटणं साहजिक होतं. आपली उणीव ओळखून पाऊल टाकणाऱ्याला जग पटकन घाबरट म्हणतं. पण सोपं काही नव्हतं. वर्गात सव्वाशे मुलं, आणि लहान गटात बसवलं की लपायला जागाच नाही. दुसऱ्या आठवड्यात शरीररचनेच्या मॅडमनी तिला नाव घेऊन उभं केलं आणि खांद्याच्या सांध्याबद्दल विचारलं. तिला येत होतं. आवाज फुटायला मात्र वेळ लागला, आणि मॅडम तेवढा वेळ थांबल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तिलाच विचारलं. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा तिनेच हात वर करून विचारलं, तेव्हा तिच्या बाजूचा मुलगा दचकला.

तिचा फोटो सरांच्या फ्लेक्सवर लागला. सर म्हणाले, “मी सांगितलं होतं!” तिने होकार दिला. वाद कशाला?

तिने सोडलेली मेडिकलची जागा दुसऱ्या फेरीत गेली. योगायोग असा, की त्याच फेरीत तिच्याच क्लासमधला एक मुलगा यवतमाळला मिळालेली जागा सोडून मेडिकलला आला. हा सरांना मध्येच तोडून प्रश्न विचारणारा, दोनदा वर्गाबाहेर काढलेला, रांगेत कधीच मागे न राहिलेला. पुढे वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू झाल्या तेव्हा त्याचा तिला फोन आला. आज एका पेशंटची प्लीहा हाताला लागली, पहिल्यांदाच, असं तो ओरडून सांगत होता.

“आणि बाकीच्यांना?” तिने विचारलं.

“बाकीचे मागे होते,” तो म्हणाला. “मी त्यांना म्हटलं, या की पुढे. कुणी आलंच नाही.”

“उद्या एकाला हाताला धरून आण,” ती म्हणाली.