बिनकामाची वाट

खेड्यात रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. ‘कुठं जायलाव?’ विचारणाऱ्याला उत्तराची फार गरज असते असं नाही. तो रामराम घालण्याचाच एक प्रकार आहे. तरी उत्तर तयार लागतं. रानात चाललोय, बाजाराला चाललोय, दळण टाकायला, सोयरीक बघायला, म्हैस व्याली म्हणून बहिणीकडं. ‘उगीच’ हे उत्तर चालत नाही. उगीच फिरणारा माणूस एक तर रिकामटेकडा असतो, नाही तर घरात भांडून निघालेला.

आमच्या परभणी जिल्ह्यात चालणं काही कमी झालेलं नाही. 1972 च्या दुष्काळात माणसं कोसकोस चालत खडी फोडायला गेली, ते आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्या वाटेवरचे दगडही ओळखीचे वाटतात. दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, परभणीवरून गंगाखेडकडं जाते, त्या दिवसांत रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरून जातो. जिंतूर-गंगाखेडकडच्या तांड्यांवरची माणसं दसरा-दिवाळीच्या पुढं-मागं कोयते बांधून ऊसतोडीला निघतात. हे सगळं चालणंच. पण एकाला पोट आहे, एकाला पंढरपूर आहे. वाटेच्या शेवटी काही तरी आहे म्हणून वाट आहे.

मग आमचं रविवारचं चालणं कशात बसवायचं?

आम्ही सात-आठ जण आहोत. कुणी मास्तर, कुणी बँकेत, एक औषधाच्या दुकानातला, एक निवृत्त झालेला. जवळजवळ सगळे खेड्यातूनच शहरात आलेले. रविवारी पहाटे परभणीहून निघायचं, जिंतूर गाठायचं आणि दिवसभर डोंगरात चालायचं. परभणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला काळी सपाट जमीन, कापूस, सोयाबीन एवढंच दिसतं. ते खरंही आहे. पण जिंतूरच्या पुढं जमीन उचलते. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आहे. तिथल्या लहान लहान गुहांत जैन तीर्थंकरांच्या मोठाल्या मूर्ती आहेत, आणि आत जायला मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही वाकावं लागतं. अजून पुढं गेलं की पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण. मधे दरे, घळी, ओढे, पळस, सीताफळी, हिवर, टणटणीची जाळी. श्रावणात ही टेकाडं अशी हिरवी होतात की उन्हाळ्यात आपण हीच बघितली होती का, असा संशय यावा. फाल्गुनात पान झडतं आणि पळस पेटतो. भाकर, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या, एवढ्यावर दिवस निघतो.

अशाच एका रविवारी एका घळीत आम्ही वर-खाली करत होतो. वाट सापडत नव्हती. वरच्या दरडीवर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. बराच वेळ आमच्याकडं बघून त्यानं वरूनच विचारलं, ‘साहेब, जनावर हरपलं का?’

‘नाही मामा, फिरायला आलोत.’

‘फिराया? हितं?’

तो हसला नाही, चिडलाही नाही. नुसता विचारात पडला. दिवसभर माणूस डोंगर धुंडाळतो तो एकाच कारणानं, त्याचं काही तरी हरवलेलं असतं. त्याच्या हिशोबानं प्रश्न अगदी बरोबर होता. मग त्यानंच काठीनं वाट दाखवली.

यावरून कुणी म्हणेल, गरिबाला पोटापुढं रानाचं सौंदर्य दिसत नाही. हे मी मानत नाही. माझी आई खुरपून येताना फुललेल्या पळसाखाली डोक्यावरचा भारा न उतरवता उभी राहायची. दोन मिनिटं. ‘कसा फुललाय बघ,’ म्हणायची आणि चालू लागायची. तिला दिसत होतं. तिच्याकडं नव्हता तो रविवार. त्यामुळं डोळे शहरातल्यांना असतात आणि खेड्यातल्यांना नसतात, असा हा भेद नाही. मोकळा वेळ कुणाला मिळतो, हा भेद आहे. आणि मोकळा वेळ मिळालेल्या माणसाला हळूहळू असं वाटू लागतं की जो पाहतो त्याचाच डोंगर.

ते कसं वाटू लागतं, हे येलदरीच्या काठावर कळतं. धरण 1968 साली पूर्ण झालं. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता; तो 1999 साली झाला. धरणावर वीज तयार होते, खाली सिद्धेश्वर धरण आणि कालवे आहेत, परभणी शहर याच येलदरीचं पाणी पितं. भरलेल्या धरणाच्या काठी संध्याकाळी बसलं की बोलावंसं वाटत नाही. पाण्यात टेकड्या उलट्या उभ्या, वर बगळ्यांच्या रांगा. एकदा तिथं सरपण गोळा करून बसलेली एक म्हातारी भेटली. आमच्यातला एक जण तिला म्हणाला, ‘मावशी, किती छान पाणी आहे तुमच्याकडं.’ ती म्हणाली, ‘हाव, चांगलं हाय. त्याच्याखाली आमचं रान हाय.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी गावाचा पत्ता विचारल्यावर सांगावा तसं तिनं सांगितलं.

आता इथं दोन विचार येतात. एक असा, की दुसऱ्याच्या बुडालेल्या रानावरचं पाणी बघून आपण सुखावणं बरं नाही, इथं येऊच नये. दुसरा असा, की न येऊन काय साधतं? परभणीत घरी बसून नळ सोडणारा माणूसही तेच पाणी घेतो. त्याला काठ दिसत नाही एवढंच. ऋण दोघांवर सारखंच आहे. चालत येणाऱ्याला निदान ते माहीत होण्याची सोय आहे. मला दुसरा विचार पटतो. पण माहीत झालं म्हणजे फिटलं, असं मात्र नाही. हळहळ ही फेड नव्हे.

हा प्रश्न मनातच राहिला असता. पण आमच्यातल्या काहींनी एक निवेदन तयार केलं. ज्या टेकाडांवर आम्ही फिरतो, तिथं चराईला पूर्ण बंदी घालावी, असा अर्ज सरकारकडं द्यायचा. कारणं खोटी नव्हती. शेळ्या कोवळा फुटवा खातात, नवं झाड उठत नाही. उघड्या उतारावरची माती पावसात वाहते, ती शेवटी धरणात जाऊन बसते आणि तेवढी पाण्याची जागा कमी होते. म्हणजे शहराच्याच पाण्याचा प्रश्न. अर्ज लिहिणारा माणूस तळमळीचा आहे, स्वतः खड्डे खणून झाडं लावणारा. सह्यांसाठी कागद माझ्यापुढं आला.

मी सही केली नाही. शेळ्या काही नुकसान करत नाहीत असं मला म्हणायचं नव्हतं, करतात. शेळी गरिबाची गाय म्हणून तिला सगळं माफ, असंही नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की ज्याला सोडायचंय त्यानं ठरवायला पाहिजे. त्या म्हाताऱ्याच्या शेळ्यांत नातवाची फी आहे, घरातलं दुखणं-खुपणं आहे, लग्नाचा आहेर आहे. डोंगर बंद झाला की तो शेळ्या विकणार, आणि आपल्या रविवारात काही फरक पडणार नाही. राळेगणसिद्धीत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झालीच होती. हिवरे बाजारानं 1990 च्या सुमारास हेच नियम स्वतःवर घालून घेतले आणि नगर जिल्ह्यातलं ते उजाड गाव सावरलं. पण तिथं बंदी गावानं गावावर घातली. जनावर सोडायचं नाही, गवत कापून न्यायचं, असा मार्गही ठेवला. नियम तोच, पण एका ठिकाणी तो निर्धार होतो आणि दुसऱ्या ठिकाणी तीच जुलूम होतो. येलदरीच्या पाण्याखाली ज्यांचं रान गेलं, त्यांनाही त्या काळी मोठ्या कामासाठी थोडं सोडा असंच सांगितलं गेलं असणार. काम मोठं होतं, यात शंका नाही. सोडणाऱ्याला विचारलं किती, हा प्रश्न उरतोच.

बरीच वादावादी झाली. ‘तुम्ही भावनिक बोलताय, तोवर डोंगर उघडा पडतोय,’ असं मला ऐकवलं गेलं, आणि त्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. विचारत बसलं तर उशीर होतो, ही गोष्ट खरी आहे. शेवटी ठरलं की अर्ज देण्याआधी गावात जाऊन बोलायचं. पारावर बसलो. तो शेळ्यांवाला म्हाताराही होता. माती, पाणी, झाडं, सगळं सांगून झालं. लोकांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, अलीकडचा उतार दोन सालं सोडता येईल, पण गवत कापू द्या. मग एक बाई उठल्या. म्हणाल्या, ‘आमची बंदी तुम्ही सांगितली. तुमची काय?’

आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. आमचीही बंदी असू शकते, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

त्यांनी मग एकेक सांगितलं. फिरायला येणारे प्लॅस्टिक टाकतात, ते खाऊन एक गाय मेली. दिवाळीच्या आधी सीताफळं कच्चीच तोडून नेतात. त्यावर चार घरांचा सण असतो. चैत्र-वैशाखात घळीत एकच झिरपा राहतो, तिथं माणसं पाय सोडून बसली की जनावर पाण्यावर येत नाही. यातलं काही आमचं होतं, काही दुसऱ्यांचं, पण त्यांच्या लेखी आम्ही सगळे एकच, फिरायला येणारे. आम्ही कबूल केलं: सीताफळीच्या हंगामात त्या बाजूला जायचं नाही, आणि होळीपासून मिरगापर्यंत ती घळ आम्हाला बंद.

त्यांच्या दोन सालांपुढं ही किंमत फारच लहान आहे, हे मला दिसतं. घळ बंद झाली म्हणून आमच्या घरी चूल बंद राहत नाही. पण बंदी एकतर्फी नाही, एवढा फरक पडला. सोडलेल्या उतारावर यंदा गवत मांडीला लागलं. कधी एखादी शेळी तिकडं घुसते, कधी आमच्यातलाच एखादा वैशाखात म्हणतो, ‘आज घळीत कुणी नसेल, पाच मिनिटं जाऊन येऊ.’ दोघांनाही कुणी तरी हाक मारून माघारी वळवावं लागतं.