थंडाव्याचा हिशेब

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा तो एकटा फस्त करतो. तापमान एक अंशाने उतरलं की त्याची ही भूक साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते. मग इजा झालेला मेंदू थंड ठेवावा, हे कुणालाही पटेल. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखाली अडकलेली डॉक्टर ॲना बॉगेनहोल्म शरीर १३.७ अंश सेल्सियसपर्यंत गार पडूनही वाचली आणि या तर्काला जणू निसर्गाचाच दाखला मिळाला.

२००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांनी, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णांना थंडाव्याचा फायदा होतो असं दाखवलं. उपचार रूढ झाला. पुढे २०२१ मध्ये १,९०० रुग्णांच्या चाचणीत, ३३ अंशांपर्यंत थंड करणं आणि नुसता ताप चढू न देणं यांच्या निकालात फरक आढळला नाही. डोक्याला मार लागलेल्यांवरची युरोपीय चाचणी तर अपाय दिसू लागल्याने मध्येच थांबवावी लागली. थंडावा मेंदूची भूक कमी करतो हे खरंच. पण त्याच थंडीत अंगाला हुडहुडी भरते, रक्त गोठायला उशीर होतो, जंतुसंसर्ग बळावू शकतो. तर्काने एकच बाजू मोजली होती.

जन्मताना गुदमरलेल्या बाळांची कथा आणखी बोलकी आहे. त्यांना ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवल्याने श्रीमंत देशांत मृत्यू आणि अपंगत्व घटलं. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला गेला. त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये निकाल आला: थंड ठेवलेल्या बाळांत ४२ टक्के मृत्यू, इतरांत ३१ टक्के. इथल्या अनेक बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या बरीच आधी झाली असावी, असा एक अंदाज आहे.

ही चाचणी झाली नसती तर थंडावा सद्हेतूनेच सगळीकडे दिला गेला असता, आणि दगावलेल्या बाळाबद्दल ‘शक्य ते सगळं केलं’ असंच म्हटलं गेलं असतं. परदेशात सिद्ध झालेलं इथेही लागू पडेल, हे आपण फार सहज धरून चालतो. एखादं नवं यंत्र विकत घेताना रुग्णालयं किंमत विचारतात, हमी विचारतात. ते आपल्यासारख्या रुग्णांवर कुणी तपासलं आहे का, हा प्रश्न त्याआधी यायला हवा.