मेंढराच्या रक्तातलं एक अक्षर

दहावी-बारावीच्या मुलांना डीएनए भेटतो तो पाठ्यपुस्तकातल्या पिळदार शिडीच्या आकृतीत. आकृती पाठ होते, गुण पदरात पडतात आणि हे शास्त्र कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या बंद प्रयोगशाळेचं आहे, हा समज मनात बसतो. सातारा-सांगलीच्या मुलांबाबत मला तो जास्तच खटकतो. या शास्त्राचं एक देखणं काम त्यांच्याच मुलखात, फलटणला झालं आहे.

आपली दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगानं लहान, पण तिला सर्रास जुळी होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या दोहोंचा संकर हाती घेतला. गारोलचा जुळ्यांचा गुण घ्यायचा आणि अंगलोट दख्खनीची राखायची, हा हेतू. त्या गुणाचं मूळ २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांना ऑस्ट्रेलियन वंशाच्या मेंढ्यांत सापडलं. एका जनुकात डीएनएच्या 'ए' या अक्षराच्या जागी 'जी' आलेलं, बदल एवढाच. गारोलमध्येही तोच निघाला. या बदलाला 'फेकबी' म्हणतात.

कोकरू हा गुण घेऊन जन्मलं की नाही, हे रक्ताच्या थेंबावरून कळतं. डीएनएच्या १९० अक्षरांच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि त्यात एक विशिष्ट एन्झाइम घालायचं. बदल असलेला तुकडा कापला जाऊन १६० अक्षरांचा उरतो, नसलेला अखंड राहतो. हे तुकडे जेलवर लांबीनुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात. दोन्ही पट्ट्या दिसल्या, तर गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला. फक्त आखूड पट्टी दिसली, तर दोघांकडून. नराच्या बाबतीत या चाचणीचं मोल फार. तो स्वतः विणार नाही. त्याचा गुण कळायला त्याच्या लेकी विईपर्यंत थांबावं लागलं असतं.

पण काम पट्टीपाशी संपलं नाही. जुळ्यांना दूध पुरेल का? कळप चालत असताना दोन्ही कोकरं जगतील का? त्यासाठी ही जनावरं मेंढपाळांच्या कळपांत द्यावी लागली. वेत, वजनं, मरतूक यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागल्या. जनुकशास्त्राचा निम्मा भाग हा असा, कानातला बिल्ला आणि वहीतली नोंद यांचा आहे.

मुलांना या शास्त्राची ओळख इथूनच व्हावी, असं मला मनापासून वाटतं. जत तालुक्यातल्या धनगराच्या पोराला माडग्याळ मेंढ्याचा बाप कोण, आजा कोण, हे तोंडपाठ असतं. वंशावळ हेच या शास्त्राचं पहिलं पान. ते त्यानं घरीच वाचलेलं असतं. तासगावच्या मुलीला सांगावं, की तुमच्या बागेतल्या द्राक्षवेली काडीपासून वाढतात. म्हणून एका वाणाच्या सगळ्या वेलींचा डीएनए जवळपास सारखा. डावणी रोग आला की सगळी बाग एकदम का झोडपली जाते, याचं एक उत्तर तिला तिथं मिळेल आणि पुढचा प्रश्न ती स्वतः विचारेल.

करिअरचं बोलायचं तर वाटा बऱ्याच आहेत. पशुपैदास, पीकसुधारणा, रोगनिदान, न्यायवैद्यक, आनुवंशिक आजारांबाबत कुटुंबांना समुपदेशन, संगणकावर जनुकीय माहितीचं विश्लेषण. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. मात्र पालकांना स्पष्ट सांगावं, की नुसत्या बीएस्सीवर इथं भागत नाही. पदव्युत्तर शिक्षण, गणित आणि संगणक यांची जोड लागते, वर्षं द्यावी लागतात.

तरीही मुलांनी इकडे यावं, याचं कारण पगारापेक्षा मोठं आहे. कोणता गुण वाढवायचा आणि कोणता सोडायचा, हे जनुक ठरवत नाही, माणसं ठरवतात. माणदेशातल्या मेंढराला आधी काय हवं, जुळी की दुष्काळात तग धरण्याची ताकद, हे ज्यांनी ती राखली त्यांच्या लेकरांना नेमकं ठाऊक असतं. निर्णय होतात त्या टेबलापाशी ती लेकरं शास्त्र शिकून बसली पाहिजेत.